वैरागडची हिऱ्यांची खाण : उपलब्ध पुराव्याची छाननी

नागपूर प्रांताच्या पूर्ववैभवाचें वर्णन निघालें कीं वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख त्यांत बहुधा यावयाचाच. कौटिल्यास ही खाण ठाऊक होती, वराहमिहिरानें तिच्या हिऱ्यांची वाखाणणी केली, चोळांनीं तिच्या लोभानें दक्षिणेंतून स्वारी केली, बहामनी सुलतानानें ती जिंकून घेतली, अकबराच्या दरबारीं तिची नोंद झाली, आणि अखेर ती ओस पडली, अशी एक सलग साखळी आतां रूढ होऊन बसली आहे. साखळी मनोहर आहे. परंतु तिचा प्रत्येक दुवा वेगवेगळा ताणून पाहण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहीं. एका ग्रंथकारानें संभव म्हणून लिहिलेलें दुसऱ्यानें निश्चय म्हणून उतरून घ्यावें, आणि तिसऱ्यानें त्या दोघांस दोन स्वतंत्र साक्षी समजून त्यांवर आपली इमारत रचावी, असा प्रकार या विषयांत होत आला आहे. प्रस्तुत लेखांत नवें साधन पुढें आणल्याचा आमचा दावा नाहीं. जीं साधनें मुद्रित असून अभ्यासकांच्या हाताशीं आहेत, त्यांचीच साक्ष पुन्हां घेऊन कोणती कितपत टिकते, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

१. स्थळ

वैरागड हें गांव आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यांत आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी तें चांदा जिल्ह्यांत मोडत असे, आणि म्हणून जुन्या सर्व ग्रंथांत तें चांद्याच्या प्रकरणांत सांपडतें. तें चांदा शहराच्या ईशान्येस, खोब्रागडी व सती या नद्यांच्या संगमाजवळ वसलें असून खोब्रागडीचें पाणी पुढें वैनगंगेस मिळतें. जुना किल्ला व भंडारेश्वराचें देवालय हीं तेथील प्रसिद्ध स्थानें होत. हें स्थान वैनगंगेच्या पूर्वेस आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील विवेचनांत तिचा दोनतीन वेळां उपयोग होणार आहे.

'खाण' या शब्दानें आजच्या वाचकाच्या मनांत कोळशाच्या खाणीसारखें खोल भुयार उभें राहतें. जुन्या हिंदुस्थानांतील हिऱ्यांच्या पुष्कळशा खाणी तशा नव्हत्या. नदीच्या किंवा ओढ्याच्या जुन्या पात्रांत गोटे, खडी व तांबूस माती यांचा जो थर सांचलेला असे, तेथपर्यंत उथळ खड्डे खणावयाचे, ती खडी वर काढून पाण्यानें धुवावयाची, उन्हांत पसरून वाळवावयाची व मग हातांनीं निवडावयाची, असा हा उद्योग होता. बुंदेलखंडांत पन्ना येथें उथळ खड्ड्यांतून हिरे काढण्याची ही रीत आजच्या काळापर्यंत चालत आलेली आहे. वैरागडचे हिरेही अशाच खडीमातींतून निघत. तेव्हां वैरागडची खाण म्हणजे एक मोठें विवर नसून पुष्कळ खड्ड्यांचा समुदाय होय. अशी खाण टाकून दिली म्हणजे पावसाळ्यांच्या गाळानें व झाडोऱ्यानें ती थोड्याच पिढ्यांत बुजून जाते. येथें भव्य अवशेष नाहींत म्हणून खाण नव्हतीच असें म्हणणें जितकें चुकीचें, तितकेंच कोणताही जुना खड्डा दिसतांच त्यास हिऱ्यांची खाण ठरविणेंही चुकीचें.

२. नांवाची साक्ष

वैरागडाविषयीं स्थानिक दंतकथा अशी आहे कीं, द्वापरयुगांत वैरोचन नांवाच्या राजानें हें नगर वसविलें व त्याच्या नांवावरून त्यास वैरागड म्हणूं लागले. गांवाच्या नांवावरून राजा कल्पावयाचा आणि मग त्या राजावरून गांवाचें नांव सिद्ध करावयाचें, ही दंतकथांची नित्याची पद्धति आहे. तिच्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

खरी व्युत्पत्ति संस्कृत 'वज्राकर' या शब्दापासून असावी, हें मत बहुतेक विद्वानांस मान्य आहे. वज्र म्हणजे हिरा व आकर म्हणजे खाण. प्राकृतांत वज्राचें 'वइर' होतें आणि आकराचें 'आगर' होतें. हें 'आगर' आपल्या 'मिठागर' शब्दांत आजही जिवंत आहे. वइर व आगर मिळून 'वइरागर', व त्यापासून 'वैरागर' हें रूप सरळ सिद्ध होतें. आणि जुन्या मराठींत 'वैरागर' हा शब्द रत्नांच्या खाणीच्या अर्थीं योजीतही असत. पुढें मूळ अर्थ लोकांच्या विस्मरणांत गेला, किल्ला मात्र डोळ्यांपुढें उभा राहिला, आणि 'आगर' जाऊन त्याच्या जागीं 'गड' बसला. म्हणजे वैरागड या नांवांतील 'गड' हा मूळचा गड नव्हे, अशी आमची समजूत आहे.

या व्युत्पत्तीचें महत्त्व केवळ भाषाशास्त्रापुरतें नाहीं. गांवास जर 'हिऱ्यांची खाण' असेंच नांव पडलें असेल, तर तें नांव ज्या काळच्या लेखांत प्रथम सांपडतें त्या काळाच्या आधीं खाण प्रसिद्ध झालेली असली पाहिजे. म्हणून तें नांव प्रथम कोठें सांपडतें, हा प्रश्न पुढें येतो.

३. चोळांची साक्ष

चोळ राजा पहिला कुलोत्तुंग हा इ. स. १०७० मध्यें गादीवर आला. त्याच्या कारकीर्दीच्या आरंभींच्या वर्षांतील तामिळ प्रशस्तींत, त्यानें युवराज असतांना 'वयिरागरम्' येथें हत्तींचे कळप पकडले व चक्रकोट्टम् येथील राजास नमविलें, असें सांगितलें आहे. हें वयिरागरम् म्हणजे चांदा जिल्ह्यांतील वैरागड, असें रायबहादूर हिरालाल यांनीं प्रतिपादिलें व तें पुढें सामान्यतः मान्य झालें. चक्रकोट्टम् हा वैरागडच्या आग्नेयेकडील बस्तरचा प्रदेश. तेथील पराभूत राजास प्रथम धारेचा राजा समजण्यांत आलें होतें. परंतु बस्तरांतील बारसूर येथें शके ९८३ चा, म्हणजे इ. स. १०६०-६१ चा, नागवंशी राजा धारावर्ष याच्या काळचा लेख मिळाल्यानें, प्रशस्तींतील उल्लेख धारा नगरीचा नसून धारावर्षाचा आहे, हें स्पष्ट झालें. माळव्यापर्यंत ताणलेली चोळांची स्वारी यामुळें बस्तरांत परत आली, आणि वयिरागरम् वैरागडच असण्याचा संभव त्या मानानें वाढला. धारावर्षाचा पुत्र सोमेश्वर याच्या कुरुसपाल येथील लेखांत त्यानें भद्रपत्तन व वज्र हीं स्थळें जिंकल्याचें म्हटलें आहे. भद्रपत्तन म्हणजे चांदा जिल्ह्यांतील भांदक व वज्र म्हणजे वैरागड, असें मानण्यांत येतें.

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, हीं स्थलनिश्चितीचीं विधानें परस्परांच्या खांद्यावर उभीं आहेत. वैरागडावरून वयिरागरम् ओळखावयाचें व वयिरागरम् वरून 'वज्र' ओळखावयाचें, यांत दोन साक्षी नसून एकच साक्ष दोनदां मोजली जाते. हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. एकट्या 'वज्र' या नांवावर कांहींएक उभारतां येणार नाहीं. तें वयिरागरम् ची निश्चिती झाल्यानंतर तिला पोषक म्हणून येऊं शकतें, तत्पूर्वी नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, वज्रावरून नांव पडलेलें स्थळ एकटें वैरागडच नाहीं. आंध्रांत अनंतपूर जिल्ह्यांत वज्रकरूर या नांवाचें गांव आहे. तेथेंही हिरे सांपडतात. आणि चोळांच्या राज्यास तें वैरागडाहून कितीतरी जवळचें. मग वयिरागरम् म्हणजे वज्रकरूर कां नव्हे?

या दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर हिऱ्यांत सांपडत नाहीं, तें हत्तींत सांपडतें. प्रशस्तीचा कर्ता वयिरागरम् येथें हिरे लुटल्याचें सांगत नाहीं; हत्ती पकडल्याचें सांगतो. अनंतपूरचा प्रदेश कोरडा व विरळ झाडीचा. तो रानहत्तींचा मुलूख म्हणून प्रसिद्ध नाहीं. उलट ऐन-इ-अकबरीच्या कर्त्यानें पांच शतकांनंतर बैरागडचें वर्णन करतांना हिऱ्यांच्या खाणीबरोबरच तेथें रानहत्ती विपुल असल्याचें आवर्जून नमूद केलें आहे. एक लेख तामिळ, दुसरा फार्सी. दोहोंत पांचशें वर्षांचें अंतर. आणि एकास दुसऱ्याची वार्ताही असण्याचा संभव नाहीं. असे दोन साक्षीदार एकाच नांवाच्या स्थळाविषयीं हत्तींचीच गोष्ट सांगतात, ही आमच्या मतें सर्वांत बळकट साक्ष होय. तिच्या जोडीला चक्रकोट्टम् चें सान्निध्य आहेच. या दोन कारणांस्तव रायबहादूर हिरालाल यांचा निर्णय आम्ही मान्य करतों.

नांवाच्या रूपाविषयींही येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तामिळ लिपींत 'क' व 'ग' यांस एकच अक्षर असलें तरी 'र' व 'ड' यांस अक्षरें वेगवेगळीं आहेत. अकराव्या शतकांत हें नांव 'वैरागड' असें ऐकूं आलें असतें, तर तामिळ लेखकानें तें डकाराच्या अक्षरानें लिहिलें असतें. त्यानें रकार लिहिला आहे. अर्थात् त्या काळीं नांव 'वइरागर' असें होतें व त्याचा अर्थ अजून खाण असाच होता, हें त्यावरून निघतें. याउलट फार्सी लिपींत 'गर' व 'गड' हे भेद स्पष्ट राहत नाहींत. म्हणून ऐन-इ-अकबरीच्या काळापर्यंत नांवाचा पालट झाला होता कीं नव्हता, याचा निर्णय त्या ग्रंथावरून करूं नये.

सारांश, इ. स. १०७० च्या पूर्वीं वैरागडास 'हिऱ्यांची खाण' या अर्थाचें नांव होतें, एवढें आम्ही मानतों. परंतु चोळ हिऱ्यांच्या लोभानें आले होते, या म्हणण्यास त्यांच्या प्रशस्तींत आधार नाहीं. तें मागाहूनच्या लेखकांनीं जोडलेलें आहे.

४. फिरिस्त्याची साक्ष

बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें हिजरी ८२९ मध्यें, म्हणजे इ. स. १४२५-२६ मध्यें, माहूरच्या बाजूस स्वारी केली व त्या स्वारींत कळंब येथील हिऱ्यांची खाण त्यास मिळाली. हें कळंब गोंडवनाच्या ताब्यांतील होतें, असें फिरिस्ता लिहितो. फिरिस्त्याचा ग्रंथ सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापुरांत लिहिला गेला. म्हणजे घटना व लेख यांत जवळजवळ पावणेदोनशें वर्षांचें अंतर आहे.

कळंब हें गांव आजच्या यवतमाळ जिल्ह्यांत, वर्धा नदीच्या पश्चिमेस आहे. तेथें हिऱ्यांची खाण असल्याची दुसरी कोणतीही साक्ष नाहीं. आणि तो प्रदेश हिऱ्यांसाठीं कधीं प्रसिद्ध नव्हता. म्हणून फिरिस्त्याची ही खाण म्हणजे वैरागडचीच खाण, असें पुष्कळांनीं गृहीत धरलें आहे. परंतु कळंब व वैरागड यांत सरळ रेषेनें सुमारें १८० किलोमीटरांचें अंतर असून मध्यें वर्धा व वैनगंगा या दोन मोठ्या नद्या आहेत. इतक्या दूरच्या दोन स्थळांस एक कसें करावयाचें, याचें कारण दाखविल्याशिवाय हें गृहीत मान्य करतां येत नाहीं.

तें कारण ऐन-इ-अकबरींत सांपडतें, असें आम्हांस वाटतें. वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना अबुल फजल प्रथम कळंब शहराचा उल्लेख करतो, आणि लगेच त्याच्या आसपासचा जमीनदार म्हणून चांद्याच्या गोंड राजाचें नांव घेऊन त्याच्या सत्तेखालील बैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीकडे वळतो. अर्थात् सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडच्या दफ्तरांत वैरागडची खाण कळंबच्या प्रकरणाखालीं नोंदली जात असे. फिरिस्ता त्याच्या पुढच्याच दशकांत लिहीत होता. त्याच्या कानीं किंवा त्याच्या आधारग्रंथांत 'कळंबकडील हिऱ्यांची खाण' असें आलें असल्यास, त्यानें 'कळंब येथील खाण' असें लिहावें, हें सहज आहे. दफ्तरांतील मुख्य ठाण्याचें नांव दूरच्या गांवास चिकटणें हा प्रकार आपल्या कागदपत्रांतही नित्य आढळतो.

हा तर्क मान्य केला तरी त्यानें एक गोष्ट सिद्ध होते व दुसरी होत नाहीं. फिरिस्त्याच्या मनांत वैरागडचीच खाण होती, हें त्यावरून संभवनीय ठरतें. परंतु अहमदशहाचें सैन्य वैनगंगेपलीकडे जाऊन त्या खाणीवर प्रत्यक्ष बसलें होतें, हें ठरत नाहीं. गोंड किंवा अन्य स्थानिक राजाकडून खंडणी घेतली व तींत हिरे आले, एवढ्यानेंही दरबारी इतिहासकारास 'खाण मिळाली' असें लिहावयास पुरेसें होतें. म्हणून 'बहामनी अमलांतील वैरागडची खाण' असे जे शब्दप्रयोग कोठें कोठें दिसतात, ते आम्ही अग्राह्य समजतों.

५. अबुल फजलाची साक्ष

ऐन-इ-अकबरीची साक्ष या सर्वांत निर्विवाद आहे. वऱ्हाड मोगलांकडे १५९६ मध्यें आलें, आणि ऐन-इ-अकबरीचा ग्रंथ त्याच सुमारास पुरा होत होता. म्हणजे माहिती ताजी होती. चांद्याचा गोंड राजा बाबाजी, त्याच्यापाशीं एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ. त्याच्या ताब्यांत हिऱ्यांची खाण असलेलें व नक्षीदार कापड विणलें जात असलेलें बैरागड. तें त्यानें नुकतेंच दुसऱ्या एका राजाकडून जिंकून घेतलेलें. व तेथील रानहत्ती. इतका मजकूर अबुल फजल देतो. चाळीस हजारांचा आंकडा ऐकीव असण्याचा संभव आहे. परंतु खाणीच्या अस्तित्वाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. खाणीचें उत्पन्न किती, हें मात्र त्यानें सांगितलें नाहीं, हेंही लक्षांत ठेवलें पाहिजे.

या लहानशा परिच्छेदाचें खरें महत्त्व खाणीच्या इतिहासाहूनही चांद्याच्या गोंड राजवंशाच्या इतिहासास आहे, आणि तिकडे जितकें लक्ष जावयास पाहिजे होतें तितकें गेलेलें नाहीं. मेजर ल्यूसी स्मिथ यांनीं चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीच्या निमित्तानें १८६९ च्या सुमारास स्थानिक परंपरा गोळा करून चांद्याच्या राजांची यादी सिद्ध केली. तिच्याप्रमाणें या वंशाचा आरंभ इ. स. ८७० मध्यें होतो व १७५१ मध्यें नीळकंठशहाबरोबर त्याचा अंत होतो. पुढच्या बहुतेक लेखकांनीं हीच यादी जशीच्या तशी उचलली. तींत बाबाजी बल्लाळशहाचा काळ १४४२ ते १५२२ असा दिला असून त्याच्यामागून धुंड्या रामशहाचा काळ १५२२ ते १५९७ असा आहे. आतां अबुल फजलाचा बाबाजी १५९६ च्या सुमारास हयात असून राज्य करीत आहे, इतकेंच नव्हे तर नुकताच विजयी झालेला आहे. यादीप्रमाणें मात्र तो त्या वेळीं मरून पाऊणशें वर्षें होऊन गेलीं होतीं.

दोहोंपैकीं कोणावर विश्वास ठेवावा, याविषयीं आम्हांस संशय वाटत नाहीं. समकालीन लेखापुढें तीन शतकांनंतर जमविलेली परंपरा टिकूं शकत नाहीं. शिवाय यादीची रचनाच तिच्याविरुद्ध साक्ष देते. ८७० ते १७५१ या ८८१ वर्षांत एकोणीस कारकीर्दी, म्हणजे प्रत्येक कारकीर्दीस सरासरी शेहेचाळीस वर्षें पडतात. बाबाजीस ऐंशीं व धुंड्या रामशहास पंचाहत्तर, अशा लागोपाठच्या दोन राजांस मिळून एकशें पंचावन्न वर्षें दिलीं आहेत. हिंदुस्थानच्या ज्या राजवंशांचा काळ शिलालेखांवरून निश्चित झाला आहे, त्यांत इतकी दीर्घ सरासरी आढळत नाहीं. यादींतील नांवें खरीं असण्याचा संभव आहे. वर्षें मात्र वंशाचें प्राचीनत्व वाढविण्यासाठीं ताणलेलीं दिसतात. असें असल्यास चांद्याच्या गोंड राज्याचा आरंभ नवव्या शतकांत न ठेवतां बराच अलीकडे आणावा लागेल. यादीशीं मेजर ल्यूसी स्मिथ यांचा हेतु प्रामाणिक होता व त्यांनीं जमविलेल्या परंपरेबद्दल आपण त्यांचे ऋणी आहों, हें सांगूनच आम्ही ही टीका करीत आहों.

याच परिच्छेदांतून दुसरी एक गोष्ट निघते. बाबाजीनें बैरागड दुसऱ्या राजाकडून नुकतेंच घेतलें असेल, तर त्यापूर्वी ती खाण चांद्याच्या राजांकडे नव्हती. हा दुसरा राजा कोण, याचें नांव अबुल फजल देत नाहीं. गोंडांच्या पूर्वीं या भागांत माना राजांचा अंमल होता अशी परंपरा आहे. यादीच्या आधारें तो अंमल नवव्या शतकांतच संपला असें मानण्यांत येत असे. परंतु यादीचीं वर्षें एकदां ढिलीं पडलीं कीं हें मतही ढिलें पडतें. वैनगंगेच्या पूर्वेकडील या मुलखांत सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चांद्याहून स्वतंत्र अशी एक सत्ता होती, एवढें मात्र समकालीन आधारानें म्हणतां येतें.

६. प्राचीन ग्रंथांची साक्ष

साखळीचे जे दुवे सर्वांत जुने म्हणून मिरविले जातात, ते आम्हीं मुद्दाम मागें ठेवले. कारण तेच सर्वांत कच्चे आहेत. शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत हिऱ्यांचे उगमस्थानावरून प्रकार सांगितले आहेत. त्यांत सभाराष्ट्र व मध्यमराष्ट्र हीं दोन नांवें येतात. टीकाकारानें सभाराष्ट्र म्हणजे विदर्भ व मध्यमराष्ट्र म्हणजे कोसल असा अर्थ दिला आहे. विदर्भांत हिऱ्यांची खाण म्हणजे वैरागड, असें यावरून अनुमान काढण्यांत येतें. परंतु हा अर्थ मूळ ग्रंथाचा नसून टीकाकाराचा आहे. आणि तो खरा मानला तरी वैरागड वैनगंगेच्या पूर्वेस असल्यानें प्राचीन विदर्भाहून तें दक्षिण कोसलाच्या सीमेस जवळचें. मग तेच सभाराष्ट्र कां व मध्यमराष्ट्र कां नव्हे, याचें उत्तर मिळत नाहीं. जो पुरावा दोन्ही बाजूंस सारखाच लागू पडतो, तो कोणत्याच बाजूचा पुरावा नव्हे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेची गोष्ट तशीच आहे. तो वेणा नदीच्या तीरावरील हिरे निर्दोष म्हणून सांगतो. वेणा म्हणजे वैनगंगा, हें समीकरण निराधार नाहीं. वाकाटकांच्या ताम्रपटांतील बेण्णाकट या प्रदेशनामाचा डॉ. वा. वि. मिराशी यांनीं वैनगंगेशीं संबंध जोडला आहे. परंतु कृष्णा नदीसही कृष्णवेणा असें जुनें नांव असून हिऱ्यांच्या सर्वांत प्रसिद्ध खाणींपैकीं कोल्लूरची खाण तिच्याच तीरावर होती. शिवाय वराहमिहिरानें कोसल देशाचे हिरे वेणातीराच्या हिऱ्यांहून वेगळे मोजले आहेत. वैरागड त्यानें कोणत्या सदरांत घातलें असतें, किंवा तें त्यास ठाऊक तरी होतें कीं नव्हतें, हें या वचनावरून ठरविणें शक्य नाहीं. म्हणून हे दोन्ही दुवे साखळींतून काढून ठेवावे, असें आमचें म्हणणें आहे. ते खोटे आहेत असें नव्हे. ते वैरागडचे आहेत असें दाखवितां येत नाहीं.

७. खाण ओस कां पडली

फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये यानें सतराव्या शतकांत हिंदुस्थानांतील हिऱ्यांच्या खाणी स्वतः फिरून पाहिल्या व १६७६ मध्यें आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत रामळ्ळकोट, कोल्लूर व कोयल नदीवरील सौमेलपूर यांचीं वर्णनें आहेत. कोल्लूरला साठ हजार माणसें कामावर होतीं, असें तो सांगतो. वैरागडचें नांव मात्र त्यांत नाहीं. मौनावरून अनुमान काढतांना सावध राहिलें पाहिजे. खाण नव्हती, असें यावरून म्हणतां येत नाहीं. परंतु परदेशी व्यापाऱ्यानें वाट वांकडी करून जावें इतका माल त्या काळीं तेथें विकावयास येत नव्हता, इतकें म्हणतां येतें. ऐन-इ-अकबरींतील उत्पन्नाविषयींचें मौन याच्याशीं जुळतें. वैरागडच्या हिऱ्यांची कीर्ति मोठी असली तरी उद्योग गोवळकोंड्याच्या तोडीचा कधीं होता, याला आधार नाहीं.

पुढें १७५१ मध्यें चांद्याचें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आलें, व १८५४ मध्यें नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. १८७० च्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरापासून पुढच्या सर्व इंग्रजी ग्रंथांत वैरागडच्या खाणीचा उल्लेख 'पूर्वी चालत असलेली' असाच येतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकांत ती निश्चितपणें ओस होती. ओस पडण्याचें कारण म्हणून ब्राझीलच्या हिऱ्यांचा दाखला देण्यांत येतो. १७२० नंतर ब्राझीलचे हिरे युरोपच्या बाजारांत आले व हिंदुस्थानच्या मालाची किंमत उतरली, हें खरें. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेनें उरलासुरला धंदाही नेला, हेंही खरें. परंतु त्याच दोन लाटांत पन्न्याच्या खाणी टिकून राहिल्या. म्हणून वैरागडच्या बाबतींत केवळ परदेशी स्पर्धेचें कारण पुरत नाहीं. उथळ खडींतले हिरे वेचून संपत आले व मजुरीचा खर्च निघेना, हें कारण आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. राजसत्ता चांद्याहून नागपुरास गेल्यावर या दूरच्या अरण्यांतील धंद्याकडे लक्ष पुरविणारें कोणी जवळ उरलें नाहीं, हेंही त्याच्या जोडीस असावें.

या खडींत हिरे आले कोठून, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा आहे. ज्या प्राचीन भूखंडाच्या पश्चिम कडेस वैरागड आहे, त्याच्याच पूर्वभागांत, छत्तीसगडांतील आजच्या गरियाबंद जिल्ह्यांत, बेहराडीह व पायलीखंड येथें हिरे धारण करणाऱ्या मूळ खडकाच्या नळ्या विसाव्या शतकाच्या अखेरीस सांपडल्या. त्यामुळें वैरागडच्या जुन्या साक्षीस शास्त्राच्या बाजूनेंही विरोध राहिला नाहीं. परंतु यावरून वैरागडखालीं अमूप हिरे आहेत, असें अनुमान काढणें म्हणजे पुन्हां जुनी साखळी नव्यानें ओवण्यासारखें होईल.

८. निष्कर्ष

वरील छाननीचें फलित थोडक्यांत असें :

एक, वैरागड हें नांव वज्राकरापासून आलें असून त्यांतील 'गड' मागाहूनचा आहे.

दोन, इ. स. १०७० च्या चोळ प्रशस्तींतील वयिरागरम् म्हणजे वैरागडच. परंतु ही निश्चिती हिऱ्यांवर नव्हे, तर हत्तींवर व चक्रकोट्टम् च्या सान्निध्यावर उभी आहे.

तीन, फिरिस्त्याची कळंबची खाण म्हणजे वैरागडची खाण असण्याचा बराच संभव आहे. बहामनींचा तेथें प्रत्यक्ष अंमल होता, हें सिद्ध नाहीं.

चार, १५९६ च्या सुमारास खाण निश्चित चालू होती व ती चांद्याच्या बाबाजीनें नुकतीच जिंकली होती. त्यामुळें चांद्याच्या राजांची प्रचलित कालगणना सोडून द्यावी लागते.

पांच, कौटिल्य व वराहमिहिर यांचीं वचनें या खाणीच्या इतिहासांत आधार म्हणून घेऊं नयेत.

साखळी अशा रीतीनें आंखूड झाली, याबद्दल वैरागडच्या अभिमान्यांनीं आम्हांस दोष देऊं नये. दोन हजार वर्षांच्या संशयित कीर्तीहून पांचशें वर्षांची निश्चित कीर्ति अधिक मोलाची आहे, आणि अकराव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतची ही कीर्ति आतां कोणासही हलवितां येणार नाहीं. राहिलेलें काम दोन प्रकारचें आहे. नागपूरकर भोसल्यांच्या मोडी दफ्तरांत चांद्याच्या जमाखर्चाचे कागद तपासून वैरागडच्या नांवावर हिऱ्यांची बाब पडलेली आहे काय, हें पाहिलें पाहिजे. तसेंच नदीकांठचे जुने खड्डे नांगराखालीं किंवा मुरुमाच्या गाड्यांखालीं नाहींसे होण्यापूर्वी त्यांचा नकाशा काढून ठेवला पाहिजे. पहिलें काम कागद वाचणाऱ्यांचें आहे व दुसरें पायीं फिरणाऱ्यांचें. आमच्या मंडळांत दोन्ही प्रकारचे सभासद आहेत. त्यांपैकीं कोणी हें काम हातीं घेतलें, आणि आमच्या वरील निष्कर्षांपैकीं एखादा त्यांत चुकीचा ठरला, तरी आम्हांस आनंदच होईल.